दोनशे अकरा पाट्यांचा मालक

दुकानांच्या पाट्यांवर कर बसणार ही बातमी पेंटरच्या घरात त्याच्या मेहुण्याने आणली, आणि तीही पेंटरच्याच घरी जेवता जेवता. मेहुणा नगरपालिकेच्या करविभागात कारकून होता. बहिणीचं घर ऑफिसपासून चार मिनिटांवर असल्यामुळे तो डबा नेत नसे.

"पाटी म्हणजे कुठलीही पाटी. लहान असो, मोठी असो," तो म्हणाला. "गावात शिरताना स्वागत कमान बांधायचीय, त्यासाठी हा कर."

"कमान आहे की," पेंटर म्हणाला.

"ती जुनी. ही नवी. जुनीच्या अलीकडे, दीडशे पावलांवर."

"म्हणजे येणाऱ्याचं दोनदा स्वागत करायचं? पहिल्यांदा केलेलं तो दीडशे पावलांत विसरतो का?"

मेहुण्याने आमटीचं भांडं जवळ ओढलं आणि आपण फक्त याद्या करतो, असं सांगितलं. हे त्याचं नेहमीचं उत्तर होतं आणि ते खरंही होतं. छापील फॉर्ममध्ये जे विचारलं असेल ते आणि तेवढंच भरायचं, यावर त्याची अढळ निष्ठा होती.

पेंटर तीस वर्षं गावाच्या पाट्या रंगवत होता. तो अक्षरावर पैसे घेई आणि जोडाक्षराला दीडपट. या धंद्यामुळे त्याला एक खोड लागली होती. फुकटचं अक्षर दिसलं की त्याला खडा चावल्यासारखं होई. गिऱ्हाईक 'सर्व प्रकारची उत्तम दर्जाची औषधे येथे मिळतील' असं लिहून घेऊन आलं, तर पेंटर त्याला समोर बसवून 'औषधे'पर्यंत खाली आणी आणि स्वतःचंच बिल कमी करी. अशा माणसाला दुसऱ्या कमानीचा राग येणारच. शिवाय पाटीवर कर बसला की लोक पाट्या उतरवतील, दोन दुकानांत एक पाटी लावतील आणि आपल्या हाताला काम उरणार नाही, हे कळायला त्याला मेहुण्याची गरज नव्हती. संध्याकाळी त्याने बायकोला सांगून टाकलं की हा कर बसू द्यायचा नाही, आणि कमानही होऊ द्यायची नाही.

"निषेधाच्या पाट्या करतो. दुकानादुकानांवर लावतो."

"कागदावर लिहा," बायको म्हणाली. "चार दिवसांचं काम आहे."

"कागदावर लिहायला मी काय शाळेत आहे?"

पेंटरची चूक झाली ती इथे. दुसऱ्या कुणीही जाड कागद घेतला असता, काळ्या शाईने दोन ओळी खरडल्या असत्या आणि खळ लावून चिकटवल्या असत्या. पेंटरने पत्रा कापला. त्याला पांढऱ्याचे दोन हात दिले, दोरी मारून रेघा आखल्या आणि पक्क्या ऑइल पेंटमध्ये लाल अक्षरं काढली, प्रत्येक अक्षराला काळी सावली. मजकूर त्याने तीन दिवस घासूनपुसून लहान केला होता: 'कमान आहे. दुसरी नको. कर नको.' न्हाव्याने पहिली पाटी लावली. मग औषधवाल्याने, मग चपला शिवणाऱ्याने, आणि बघता बघता पाट्या चौसष्ट झाल्या. प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात, तीस वर्षांच्या सवयीने, बारीक अक्षरांत त्याने आपलं नाव आणि दुकानाचा पत्ता टाकला. लोक पाट्यांचं कौतुक करत आणि पेंटर रोज एकदा विनाकारण बाजारातून चक्कर मारून येई.

त्याच आठवड्यात मेहुणा रजिस्टर घेऊन बाजारात फिरताना दिसला. यादी चालली होती. पेंटरने त्याला लांबून हात केला, त्यानेही केला.

पंधरा दिवसांनी नोटीस आली. बायकोने ती उभ्याउभ्या वाचली आणि मग खाली बसून पुन्हा वाचली.

"तुमच्या मालकीच्या पाट्या किती?"

"एक. दुकानावरची."

"ती सोडून इथे दोनशे अकरा लिहिल्यात. गावात सगळ्यात जास्त पाट्या तुमच्या आहेत म्हणे."

पेंटरने ब्रश बाजूला ठेवला. दुपारी मेहुणा जेवायला आला, तेव्हा ताट वाढलेलं नव्हतं. ताटाच्या जागी नोटीस होती.

मेहुण्याने सगळं नीट समजावून सांगितलं, कारण त्याच्या मते त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. कागदाची किंवा कापडाची पाटी तात्पुरती, तिला कर नाही. पत्र्यावर पक्का रंग असेल तर ती कायमची, तिला कर आहे. आणि फॉर्ममध्ये मालकाचा रकाना असा होता: 'पाटीवर ज्याचे नाव व पत्ता असेल तो.' न्हाव्याच्या पाटीवर न्हाव्याचं नाव-पत्ता, म्हणून ती न्हाव्याची. पण निषेधाच्या चौसष्ट पाट्यांवर नाव-पत्ता एकाचाच होता.

"मी सांगितलं होतं, कागदावर लिहा," बायको हळूच म्हणाली.

"चौसष्ट झाल्या," पेंटर म्हणाला. "उरलेल्या एकशे सत्तेचाळीस?"

मेहुण्याने यादीचं मागचं पान उलटलं. 'रांगेत उभे राहा.' 'गाड्या लावू नका.' 'थुंकू नका.' 'जन्मनोंदणी.' 'साहेब.' नगरपालिकेच्या ऑफिसातल्या आणि आवारातल्या झाडून सगळ्या पाट्या. तीस वर्षांत त्या पेंटरनेच रंगवल्या होत्या आणि प्रत्येकीच्या उजव्या कोपऱ्यात त्याचं नाव आणि पत्ता होता. दुसऱ्या कुणाचाच नव्हता.

"अरे, पण त्या ऑफिसच्या आहेत हे तुला दिसत नव्हतं? तू रोज त्या पाट्यांखाली बसतोस."

"दिसत होतं, भावोजी. पण मला काय दिसतं याचा रकाना नाही."

बहिणीने कपाळावर हात मारला आणि शेवटी त्याला वाढलं. जेवता जेवता त्याने आणखी एक बातमी दिली. पाट्या धरल्या होत्या त्याहून फार जास्त निघाल्यामुळे नगरपालिकेचे साहेब खूश होते. कर चांगला जमेल म्हणून त्यांनी कमानीवर दोन दगडी घोडे वाढवले होते. म्हणजे कमान नको म्हणून पेंटरने ज्या पाट्या लावल्या, त्यांच्याच जोरावर कमानीला घोडे मिळाले. पेंटरला त्या दुपारी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांकडे गेला. साहेब आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी चहा मागवला, यादी पाहिली, हसले, आणि चूक दुरुस्त होईल असं म्हणाले. फक्त पेंटरने बाजारातल्या पाट्या उतरवायच्या आणि कराबद्दल पुन्हा बोलायचं नाही.

"आणि नव्या कमानीवरची अक्षरं तुमच्याकडे," ते म्हणाले. "चार-चार फुटी. एवढी मोठी अक्षरं या गावात कुणी काढलेली नाहीत."

साहेबांना कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक, पण बाण बरोबर बसला. पेंटरने आयुष्यात काढलेलं सगळ्यात मोठं अक्षर दीड फुटाचं होतं, एका गोदामाच्या भिंतीवर, त्यालाही वीस वर्षं झाली होती. चार फुटी अक्षर काढायला मनगट चालत नाही, अख्खा खांदा फिरवावा लागतो. ते एकदा काढून बघायची इच्छा त्याने बायकोशिवाय कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. त्याने चहा संपवला. मग घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं आणि तो दुकानात गेला.

बायको दुकानात गेली तेव्हा त्याने टेबल भिंतीला सरकवलं होतं आणि फरशीवर खडूने चार फुटी 'स्व' काढला होता. तो त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसला होता.

"किती सुंदर आलंय," ती म्हणाली, आणि तिला खरंच तसं वाटलं.

"आलंय ना?"

"मग घेणार काम?"

पेंटरने 'स्व'ची गोलाई बोटाने पुन्हा गिरवली. त्याला ते काम हवं होतं, अगदी जीव तुटेल इतकं हवं होतं. पण न्हाव्याच्या दुकानावरची पाटी आपल्याच हाताने उतरवताना न्हावी काय करेल, हे त्याला डोळ्यांसमोर दिसत होतं. न्हावी पाठ फिरवून नुसता खुर्ची झटकत राहील.

"नाही घेणार," तो म्हणाला. मग ओला फडका घेऊन त्याने फरशी पुसली, आणि पुसून झाल्यावर नोटीस पुन्हा वाचायला घेतली. एवढी जोडाक्षरं फुकट घालवलेला मजकूर त्याने जन्मात वाचला नव्हता. पण शेवटच्या ओळीवर तो थांबला. मालकाने पाटी काढून नेल्यास त्या दिवसापासून कर माफ, असं तिथे लिहिलं होतं.

"शिडी कुठे आहे?" त्याने विचारलं.

सोमवारी ऑफिस उघडताच पेंटर हातगाडी आणि शिडी घेऊन हजर झाला. शिडी धरायला बायको होती. पहिली पाटी त्याने फाटकावरची काढली, 'गाड्या लावू नका'. पहारेकरी धावत आला. पेंटरने त्याला नोटीस दाखवली. पाटी कोणाची, तर पेंटरची, आणि खाली साहेबांची सही, गोल शिक्क्यासकट. पहारेकऱ्याने ती दोनदा वाचली आणि शिडीचा दुसरा पाय धरला.

दुपारपर्यंत एकशे सत्तेचाळीस पाट्या हातगाडीवर आल्या होत्या. आत जे काही झालं, ते फक्त पाट्या नसल्यामुळे झालं. जन्मनोंदणीला आलेलं एक कुटुंब बाळासकट साहेबांच्या खोलीत जाऊन बसलं, कारण त्या खोलीला पंखा होता. नळजोडणीची रांग स्वच्छतागृहासमोर लागली आणि अकराजण पुढे सरकून परत आल्यावर ते लक्षात आलं. पाणीपट्टी भरायला आलेल्या एका म्हातारबुवांना कुठे जायचं ते कुणी सांगेना, म्हणून ते आनंदाने पट्टी न भरताच घरी गेले. आणि फाटकात सात गाड्या लागल्यामुळे साहेबांची गाडी बाहेर निघेना.

साहेब स्वतः पायऱ्या उतरून आले.

"पाट्या परत लावा."

"लावतो," पेंटर म्हणाला. "फक्त त्या कोणाच्या, तेवढं लिहून द्या. माझ्या असतील तर मी घरी नेतो. ऑफिसच्या असतील तर लावतो, पण मग त्यांचा कर ऑफिसने भरायचा."

साहेबांनी मेहुण्याकडे पाहिलं. नगरपालिकेला करातून सूट असेलच, असं ते म्हणाले. मेहुण्याने नियमावली आणली, उभ्याने शेवटपर्यंत वाचली, आणि तसा रकाना नाही, असं सांगितलं. मग त्याने विचारलं नसतानाही हिशोब सांगितला. दोन घोडे आणि अर्धी कमान यांचा खर्च ऑफिसच्याच करातून निघणार होता.

"ही तुझी चूक आहे, असं तू लिहून दे," साहेब त्याला म्हणाले. "चुकीची यादी केली म्हणून."

मेहुण्याचा चेहरा पडला. बायकोने शिडी सोडली आणि नवऱ्याकडे पाहिलं. भाऊ तिचा होता, नोकरी त्याची होती आणि पाट्या नवऱ्याच्या होत्या.

"त्याने चूक केलेली नाही," पेंटर म्हणाला. "तुम्ही जे विचारलं ते त्याने लिहिलं. चूक तुमच्या कमानीत आहे, साहेब. एक आहे, आणि दुसरी नको. एवढंच तर मी चौसष्ट वेळा लिहिलं."

फाटकात सात गाड्यांचे हॉर्न वाजत होते आणि साहेबांच्या खोलीत बाळ रडत होतं. साहेबांनी मेहुण्याच्या हातातली नियमावली मिटवली. त्याच आठवड्यात सभा बसली. कर मागे घेतला गेला आणि नवी कमान घोड्यांसकट रद्द झाली. जुन्या कमानीला फक्त रंग द्यायचं ठरलं, आणि त्याला एक डबा पुरेल, असं पेंटरनेच सांगितलं. एकशे सत्तेचाळीस पाट्या त्याने मजुरी न घेता जागच्या जागी लावून दिल्या.

जुन्या कमानीवर चार ओळींत एवढ्या मजकुराची दाटी होती. नगरपालिका, तिचे कोण कोण, आणि ते सर्व आपले हार्दिक हार्दिक स्वागत करीत आहेत. 'हार्दिक' दोनदा होतं. पेंटरने सगळ्यावर पांढरा हात मारला, टेप लावून पट्टीची उंची मोजली आणि शिडीवरच हसत उभा राहिला.

"किती?" खालून बायकोने विचारलं.

"साडेचार फूट."

साहेबांनी मजकूर पाठवला होता. पेंटरने नेहमीप्रमाणे त्यातलं फुकटचं एकेक अक्षर काढलं, आणि काढता काढता शेवटी एकच उरलं. दोन दिवस खांदा फिरवून त्याने ते काढलं. लाल, काळ्या सावलीचं, चार फुटांचं: 'या'. त्या आठवड्यात गावात शिरणारी प्रत्येक गाडी तिथे जरा हळू होत होती.

शेवटी बारीक ब्रश घेऊन तो उजव्या कोपऱ्याकडे सरकला आणि त्याने सवयीने खाली पाहिलं. बायको शिडी धरून उभी होती. तिच्या शेजारी मेहुणा उभा होता आणि त्याच्या हातात नवं रजिस्टर होतं. नगरपालिकेने आता गावातल्या कमानी, पूल आणि पुतळे यांची यादी करायला घेतली होती.

"भावोजी, सावकाश होऊ द्या," तो वर पाहून म्हणाला. "माझा फक्त मालकाचा रकाना राहिलाय."

पेंटरने ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात बुडवला, फडक्याला पुसला आणि तो खाली उतरला. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने एका पाटीचा कोपरा रिकामा सोडला होता.