चिमणीवाली फाइल

पाणीपट्टी कार्यालयाच्या हेडक्लार्कना सकाळी सकाळी साडूचा ईमेल आला. साडू दुसऱ्या खात्यात अधीक्षक होता, आणि घरी या ना त्या निमित्ताने हेडक्लार्कना ते रोज ऐकावं लागे. त्यांच्या स्वतःच्या बढतीचं घोंगडं मात्र मुख्य कार्यालयात कधीचं भिजत पडलं होतं.

ईमेल भयंकर होता. कॉम्प्युटरमध्ये चिमणीचं चित्र असलेली फाइल दिसली तर तो व्हायरस समजा, तो आधी गपचूप झोपतो आणि मग सगळं गिळून टाकतो, फाइल ताबडतोब पुसा आणि ओळखीच्या सर्वांना कळवा, असं त्यात लिहिलं होतं.

ऑफिसात हेडक्लार्कना त्यांच्या मागे ‘काळजीवाहू’ म्हणत. काळजी करायला त्यांना एरवी कारण लागत नसे, इथे तर ते घरपोच आलं होतं. त्यांनी शोधलं, आणि चिमणी सापडली.

“मॅडम, तुमच्याकडे चिमणी आहे का हो?” त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या लेखापाल मॅडमना विचारलं.

मॅडमनी बघितलं. “आहे की. पण पहिल्यापासून असेल.”

“तेच तर. झोपलीय ती.”

“मग झोपू दे. वरून आल्याशिवाय मी काही पुसत नाही.”

त्या कार्यालयात वरून आल्याशिवाय पंखासुद्धा दुरुस्त होत नसे, त्यामुळे हेडक्लार्कना यात काही गैर वाटलं नाही. त्यांनी आपल्यापुरती चिमणी उडवली आणि इशारा मुख्य कार्यालयाला पाठवून दिला. खाली आपलं नाव आणि हुद्दा ठळक अक्षरांत टाकायला ते विसरले नाहीत. निमित्ताने साहेबांच्या नजरेखालून नाव गेलं तर बरंच होतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर तोच इशारा मुख्य कार्यालयाकडून परत आला. आता त्याच्या डोक्यावर जावक क्रमांक होता आणि शेवटी ‘साहेबांच्या आदेशावरून’ असं होतं.

“बघा, वरूनसुद्धा तेच म्हणतायत,” हेडक्लार्क म्हणाले. त्यांना मनापासून हायसं वाटलं होतं. सकाळपासून त्यांनाही थोडी शंका होती, ती आता फिटली. मॅडमनी चिमणी पुसली, पाठोपाठ सगळ्या ऑफिसने पुसली.

दुसऱ्या दिवशी एकही बिल छापलं जाईना. शेवटी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने एकेक कॉम्प्युटर उघडून पाहिला. मग म्हणाला, “छपाईची फाइल कुणी काढली? चिमणीचं चित्र असतं तिच्यावर.”

“तो व्हायरस होता,” हेडक्लार्क म्हणाले.

“कसला व्हायरस? ती प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये असते, म्हणून तर सगळ्यांना सापडते. इशारा कुठल्या कंपनीचा, कुठल्या तारखेचा, काही होतं का त्यात? नुसतं घाबरवायचं आणि सगळ्यांना पाठवा म्हणायचं. असं आलं की आधी कुणाला तरी विचारावं, मग हात लावावा. खऱ्या व्हायरसला निदान स्वतः राबावं लागतं. इथे सगळं तुम्हीच करून दिलंत.”

“पण वरूनच आलं होतं ते,” हेडक्लार्क पुटपुटले.

“आणि वर कुठून गेलं होतं?” मॅडमनी विचारलं.

तेवढ्यात फोन वाजला. मुख्य कार्यालयातून खुद्द साहेब बोलत होते.

“अभिनंदन. तुम्ही वेळेवर जागं केलंत म्हणून आपलं खातं वाचलं. असा दक्ष माणूस अधीक्षक व्हायलाच हवा. बढती मंजूर केलीय मी.”

हेडक्लार्कचे डोळे भरून आले. घरी गेल्यावर कसं सांगायचं याची वाक्यंसुद्धा त्यांच्या मनात जुळू लागली.

“फक्त तुमचा आदेश छापायचा राहिलाय,” साहेब पुढे म्हणाले. “कालपासून इथे कुठूनच कागद निघत नाही. व्हायरस थोडा आत शिरलाच म्हणायचा. तुम्ही यातले जाणकार, काही उपाय आहे का तुमच्याकडे?”

उपाय समोरच उभा होता. बोलता बोलताच दुरुस्तीवाल्याने फाइल परत घातली होती आणि मॅडमची बिलं भराभरा बाहेर पडत होती. पण साहेबांना तो उपाय सांगायचा, तर मुळात व्हायरस नव्हताच हेही सांगावं लागणार होतं. मॅडम बिलं जुळवायची सोडून ऐकत होत्या.

“साहेब,” ते आवाज खाली आणून म्हणाले, “आदेश हाताने लिहिला तर नाही का चालणार?”