एका किल्लीचा घोळ

पाणीपुरवठा कार्यालयात सकाळची पहिली रांग ग्राहकांची नसे. ती मोठ्या बाईंच्या टेबलापुढे लागे, आणि कर्मचाऱ्यांचीच असे. रजा, भांडार, तक्रारी, गाड्या असे चार कारभार संगणकावर होते आणि प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. आठ जणांचे बत्तीस पासवर्ड बाईंच्या लाल वहीत होते. चालकाला तर स्वतःचा एकही पासवर्ड माहीत नव्हता आणि त्याचं त्याला वाईटही वाटत नव्हतं.

अखेर मुख्य कार्यालयातून एक टक्कल पडलेले संगणकवाले आले. "आता एकच किल्ली. एकदा आत शिरलात की चारही दारं उघडी," ते म्हणाले. "ईमेल टाका, नवा पासवर्ड ठेवा आणि एखादं काम करून बघा."

सगळ्यांनी करून बघितलं. रजेच्या पाळ्या बाईंनी महिन्यापूर्वीच लावून दिल्या होत्या, कारण एका वेळी एकानेच जायचं हा त्यांचा कायदा. भांडारपालाने घर रंगवायला उद्यापासून दहा दिवसांचा अर्ज टाकला, त्याला लागून मीटर तपासनिसाने सहा, त्याला लागून चालकाने पाच. साहेबांनी नेहमीसारखं न वाचता तिन्हींवर मंजुरीचं बटण दाबलं.

दुपारी बाईंना जावयाचा फोन आला. लेकीचं पहिलं बाळंतपण पुढच्या महिन्यात होतं, पण डॉक्टर म्हणत होते, याच आठवड्यात. पाळी मोडायची लाज वाटत होती, तरी बाईंनी अर्ज उघडला. या बाळंतपणासाठीच त्यांनी एकवीस दिवस राखून ठेवले होते.

पडद्यावर आलं, शिल्लक रजा शून्य.

बाईंनी संगणकवाल्यांना हाक मारली. संगणकवाल्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि विचारलं, "तुमच्या इथे सगळ्यांचा ईमेल एकच कसा?"

"साहेबांचा वेगळा आहे," बाई म्हणाल्या. "बाकी कुणाकडे नव्हताच. मग मी माझाच दिला."

"अहो, नवी किल्ली माणसाला ईमेलवरूनच ओळखते. तिच्या लेखी तुम्ही आठही जण म्हणजे एकट्या तुम्हीच. तिघांची रजा तुमच्या खात्यातून गेली."

"पडद्यावर बाईंचं नाव होतं खरं," चालक म्हणाला. "मला वाटलं, नेहमीसारखं बाईंनीच करून दिलंय."

"मग रद्द करा," बाई म्हणाल्या. "माझी पोरगी तिकडे एकटी आहे हो."

"आठ जणांना वेगळं करायला चार दिवस लागतील. तोवर काहीच हलणार नाही."

साहेब इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पडदा नीट वाचत होते. "बाई, उद्यापासून दहा, मग सहा, मग पाच. मध्ये एका दिवसाचीही फट नाही. तुमच्या नावावर एकवीस दिवस रजा मंजूर आहे."

"पण ती या तिघांची आहे."

"भिंती काय, पुढच्या महिन्यातही रंगतील," भांडारपाल म्हणाला. तपासनिसाने मान हलवली. चालक तर बाईंची पिशवी भरायला लागला होता.

"आणि मी मंजुरी मागे घेतली," साहेब हळूच म्हणाले, "तर न वाचता दिली होती हे लिहून द्यावं लागेल. तुम्ही जाच."

पाचव्या दिवशी बाईंच्या मांडीवर दोन दिवसांची नात होती. संगणकवाल्यांनी बाकी सातही जणांना वेगळे ईमेल काढून दिल्याचं त्यांना कळलं होतं. आता टेबलापुढे रांग लागणार नाही, या विचाराने हायसं वाटलं आणि थोडं चुकचुकल्यासारखंही झालं. एवढ्यात मोबाइल एकापाठोपाठ एक वाजायला लागला. सहा आकड्यांचे सात संदेश आले होते.

मग चालकाचा फोन आला. "बाई, ईमेल बदलले, पण मोबाइल नंबर सगळ्यांचा तुमचाच राहिला. आत शिरायचे आकडे तिकडे आलेत. आम्ही सातही जण तुमच्या टेबलापाशी उभे आहोत."

बाईंनी चष्मा लावला.

"एकेक जण बोला," त्या म्हणाल्या. "आणि हळू. बाळ झोपलंय."