शिडीवरचा सभासद

विजेची कामं करणारा तो मिस्त्री दीड महिन्यापासून पलंगाच्या काठावर बसून होता. म्हणजे मध्ये जेवायला उठायचा, पण परत तिथेच. सकाळी अर्धी दाढी करायचा आणि उरलेली अर्धी दुपारपर्यंत तशीच राहायची. लोकांचे फोन यायचे, फ्यूज उडालाय, गिझर तापत नाही. तो वाजणाऱ्या फोनकडे असा बघत राहायचा, जसा काही तो शेजाऱ्यांच्या घरात वाजतोय. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि वर सांगितलं, की वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर गुरुवारी अशा लोकांचा एक गट जमतो. तिथे जा, बसा, बोला.

“अशा म्हणजे कशा?” बाहेर आल्यावर त्याने बायकोला विचारलं.

“तुमच्यासारख्या,” बायको म्हणाली. “आणि ऐका, तुम्ही नाही गेलात ना, तर मीच जाऊन बसेन तिथे. ती वेळ तुम्ही आणलीच आहे माझ्यावर.”

तेव्हा तो गेला. निघताना सवयीने हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली. बावीस वर्षांत तो पिशवीशिवाय कुणाच्या दारात उभा राहिला नव्हता. पुढचा सगळा घोटाळा त्या पिशवीने केला.

खोलीत गोल मांडलेल्या खुर्च्या होत्या, कोपऱ्यात शिडी होती आणि वर बंद पंखा. गट चालवणाऱ्या ताईंची नजर आधी पिशवीवर गेली.

“आलात एकदाचे! चार दिवस निरोप देतोय आम्ही. तो बघा, नुसता गुरगुरतो, फिरत म्हणून नाही.”

‘मी पंख्यासाठी नाही, माझ्यासाठी आलोय,’ हे वाक्य त्याने जिन्यात दोनदा म्हणून ठेवलं होतं, निम्म्याहून अधिक तरी. पण समोर रिकामी खुर्ची आणि बाजूला शिडी, यांत त्याला शिडी जास्त ओळखीची वाटली.

“बघतो,” तो म्हणाला आणि चढला.

बिघाड फारसा नव्हता. पंख्याला पहिला रेटा देणारा आगपेटीएवढा कंडेन्सर गेला होता. पाच मिनिटांचं काम, आणि नवा कंडेन्सर पिशवीत पडलेला. तो काढायला त्याने हात घातला, तोवर खाली बोलणं सुरू झालं.

“मी रोज साडेपाचला उठते,” निवृत्त मुख्याध्यापिका सांगत होत्या. “इस्त्रीचे कपडे घालते, पर्स घेते आणि दाराजवळच्या खुर्चीत बसते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. दहा वाजले, की पर्स परत कपाटात ठेवते.”

कुणी हसलं नाही. कुणी छंद जोपासायला सांगितलं नाही. दातांचे डॉक्टर तेवढे म्हणाले, “माझं दहालाच सुरू होतं. पेशंटनं आ केला, की दातखीळ माझी बसते.”

तिसऱ्या एक बाई होत्या. भर उन्हाळ्यात अंगभर शाल गुंडाळून बसायच्या. अकरा महिने येत होत्या आणि अकरा महिन्यांत तोंडातून शब्द काढला नव्हता.

मिस्त्री वर पिशवीत हात घालून तसाच उभा राहिला. त्याच्या छातीत कुणीतरी नट आवळून ठेवला होता, तो अर्धा आटा सैल झाल्यासारखा वाटला. तास संपला.

“झालं का हो?” ताईंनी विचारलं.

“वाइंडिंगचं काम दिसतंय,” मिस्त्री म्हणाला. “पुढच्या गुरुवारी बघतो.”

पाच मिनिटांचं काम आठवड्यावर ढकलण्याची आयुष्यातली ही पहिलीच वेळ. त्याचे कान गरम झाले. घरी बायकोने विचारलं, “बोललात का?” तो म्हणाला, “आज ऐकलं. बोलायचं पुढे.” आणि त्या दिवशी त्याने उरलेली अर्धी दाढी केली.

दुसऱ्या गुरुवारी दातांच्या डॉक्टरांनी घोळ घातला. मिस्त्री शिडी चढायच्या आत त्यांनी खालून छत्रीच्या दांड्याने पात्याला धक्का दिला आणि पंखा चक्क फिरू लागला! कंडेन्सर गेलेल्या पंख्याची ही खोड असते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं, की बिचाऱ्याच्या हातून बऱ्याच दिवसांत काही चांगलं घडलं नसावं. मिस्त्रीचा जीव कळवळला, पण त्याने बटण बंद केलं.

“धोका आहे,” तो गंभीरपणे म्हणाला. “अंगावर कोसळेल.”

डॉक्टरांना घाबरायला तेवढंच हवं होतं. ते खुर्ची उचलून भिंतीला लागून बसले आणि तासभर वर बघत राहिले. पुन्हा असा चमत्कार होऊ नये म्हणून मिस्त्रीने पंख्याची वायर सोडवून ठेवली.

तिसऱ्या गुरुवारी मुख्याध्यापिका घरचा टेबलफॅन घेऊन आल्या. “या पॉइंटला एवढा लोड झेपणार नाही, बाई,” मिस्त्रीने सांगितलं. बाईंची हयात नियम पाळण्यात आणि पाळायला लावण्यात गेलेली. त्यांनी टेबलफॅन मांडीवर घेतला आणि तो बंद टेबलफॅन घेऊनच त्या एकटेपणावर बोलल्या.

चौथ्या गुरुवारी खोलीची भट्टी झाली. डॉक्टरांना घेरी आली. ती भीतीने की उकाड्याने, यावर चर्चा झाली. दोन्हीने, असं ठरलं. शालवाल्या बाई लालबुंद झाल्या होत्या, पण शाल सोडेनात. शेवटी ताईंनी वही मिटली.

“असं नाही चालायचं. उन्हाळा संपेपर्यंत गट बंद ठेवू या.”

मिस्त्री शिडीवरून एक पायरी खाली आला. आठवड्यातला तो एक तास गेला, तर उरलेल्या दिवसांना धरायला काही नव्हतं. पंखा दुरुस्त केला, तर गट राहणार आणि आपण जाणार. नाही केला, तर गटच जाणार.

“नका बंद करू,” त्याच्या तोंडून निघून गेलं. “पुढच्या गुरुवारी चालू करून देतो. शब्द देतो.”

पाचव्या गुरुवारी तो अर्धा तास आधी पोचला. कंडेन्सर खिशातच ठेवला होता. दार उघडलं, तर पंखा बघायला मंडळी त्याच्याही आधी जमलेली आणि शिडीवर दुसरंच कुणीतरी. पांढरे केस, कानावर टेस्टर. त्याचे वस्ताद. ज्यांच्या हाताखाली तो काम शिकला, ते.

“वाचनालयाच्या कमिटीनं पाठवलं यांना,” ताई ओशाळून म्हणाल्या.

वस्तादांनी वरून खाली पाहिलं. “हे तुझं काम आहे होय रे? अरे, कंडेन्सर गेलाय नुसता! दुसऱ्या दिवशी शिकवलं होतं तुला.”

“कळलंच नाही मला,” मिस्त्री म्हणाला. बावीस वर्षांची अब्रू त्याने एका वाक्यात सोडून दिली. खरं कारण सांगण्यापेक्षा हे सोपं होतं.

“खोटं बोलू नकोस. ही वायर तुटलेली नाही, सोडवलेली आहे. आणि टोकाला टेप बघ कशी गुंडाळलीय, एक सुरकुती नाही. लबाडीसुद्धा इतकी नेटकी दुसरा कुणी करणार नाही.”



“चार आठवडे?” डॉक्टर म्हणाले. “मी भिंतीला टेकून बसलो, कोसळेल म्हणून!”

“मग वर चढून करत काय होतास?” वस्तादांनी विचारलं.

मिस्त्रीने पिशवी खाली ठेवली. “ऐकत होतो.”

“ऐकत होतात?” हा आवाज कुणाच्याच ओळखीचा नव्हता. शालवाल्या बाई उठून उभ्या राहिल्या होत्या आणि शाल खुर्चीत पडली होती. “अहो, अकरा महिने धीर गोळा केला मी! त्या गुरुवारी बोलायचंच असं ठरवून आले, आणि बघते तर डोक्यावर परका माणूस! वाटलं, पंख्याचं काम होऊन जाऊ दे, पुढच्या वेळी बोलू. पुढच्या वेळी पुन्हा तुम्ही! चार आठवडे गिळतेय मी, या उकाड्यात, तुमच्यामुळे!”

ताईंनी तोंडावर हात धरला. मुख्याध्यापिकांचे डोळे भरून आले. “किती स्पष्ट उच्चार आहेत,” त्या पुटपुटल्या.

“मला माफ करा,” मिस्त्री म्हणाला.

“माफ-बिफ काही नाही. बसा त्या खुर्चीत. आधी तुम्ही बोलायचं, मग मी. नाहीतर मला परत सुचायचं नाही.”

तो बसला. त्याच्या हातांना काय करावं कळेना. ते मांडीवर पडून राहिले. “मला,” तो म्हणाला, “सकाळी... म्हणजे सकाळ होते, पण...” आणि मग हळूहळू, अडखळत, पलंगाचा काठ, वाजणारा फोन, सगळं आलं. मध्ये एकदा रडू आलं, तेव्हा डॉक्टरांनी आपला रुमाल दिला. रडताना मिस्त्रीने आ केला, तरी आज आपली दातखीळ बसली नाही, हे घरी गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

त्याचं संपलं, तेव्हा पंखा केव्हाचा जोडून झाला होता, पण चालू कुणी केला नव्हता. वस्ताद अजून शिडीवरच होते. पंख्याची पाती फडक्याने पुसत होते. एकच पातं, पुन्हा पुन्हा.

“तुमचं झालं असेल तर निघा,” ताई हळूच म्हणाल्या.

“हो, हो. निघतोच,” वस्ताद म्हणाले आणि पुसत राहिले.

शालवाल्या बाईंनी वर पाहिलं. आता त्यांची फसगत होणार नव्हती. “खाली या,” त्या म्हणाल्या आणि पायाने एक खुर्ची पुढे सरकवली.

“मी? छे, मला काय झालंय?” म्हणत वस्ताद एकेक पायरी उतरले. खुर्चीजवळ येऊन थांबले. आपल्या बुटांकडे बघू लागले.

“काढून बसायचं का?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाला हवं तसं,” ताई म्हणाल्या.

“मग राहू देतो,” वस्ताद बसत म्हणाले. “एकदा काढले, की परत घालायला हात उठत नाही.”