रुंद शिखरांचा कागद

सुनेच्या टेबलावरचा कागद पाहून आबांच्या तोंडचं पाणी पळालं. वरखाली जाणारी काळी रेघ, मध्येच दोन सुळके, आणि शेजारी सुनेच्या अक्षरात: 'फार जुना. शिखरं रुंद. पुन्हा तपासणे.'

आबांनी तीस वर्षं तिकीट तपासनिसाची नोकरी केली होती. समोरचा खोटं बोलतोय असं धरूनच त्यांचा दिवस सुरू होई. गेल्याच आठवड्यात त्यांचा ईसीजी काढला होता. डॉक्टर, मुलगा आणि सून, तिघांनीही 'सगळं छान आहे' म्हणून सांगितलं होतं. एकानेच सांगितलं असतं तर विश्वास बसला असता.

जेवताना त्यांनी खडा टाकून पाहिला. "सूनबाई, काम कसं चाललंय?"

"पाचशे आलेख आहेत, आबा. एकेकाला गटात बसवायचं."

"आणि ते फार जुनं?"

"त्याचं काही खरं नाही," सून म्हणाली आणि तिने त्यांना आग्रहाने आणखी वाढलं. आबांनी ताट बाजूला सरकवलं.

सकाळी ती अंघोळीला गेल्याचं पाहून त्यांनी कागद लांबवला आणि थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "हा कुणाचा?"

"माझाच. आता लपवू नका."

"अहो, हा माणसाचाच नाही!"

आबांनी खुर्ची जवळ ओढली. "इतकं वाईट आहे?"

डॉक्टरांनी फोन करताच सून कामावरून धावत आली. "आबा, हा क्वेसार आहे! लांबच्या, फार जुन्या दीर्घिकेच्या पोटात कृष्णविवर असतं, त्याच्याभोवतीचा तापलेला वायू झगमगतो. त्या प्रकाशातले रंग सुटे केले की असा आलेख येतो. शिखरं रुंद असली की एक गट, अरुंद असली की दुसरा. पण हा इथे कसा? मी तर सकाळी पाचशे मोजून नेले!"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडून तिचे साहेब इतक्या जोरात बोलत होते की सगळ्यांना ऐकू आलं. "अगं, तो चारशे बारावा पाहिलास? सगळी शिखरं सारख्या अंतरावर! कुठल्याच गटात बसत नाही. असलं काही मी जन्मात पाहिलं नाही!"

सुनेने आबांकडे वळून पाहिलं. "आबा, तुम्ही त्या जागी काय ठेवलंत?"

"मोजणीत कमी भरू नये म्हणून माझ्या ईसीजीची झेरॉक्स. तुम्ही मला दिलेली. खोटीच होती ना ती?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. आबांनी मात्र फोनकडे आदराने बोट दाखवलं.

"हा एकच माणूस खरं बोलतोय. त्यांनाच विचार, पथ्य काय पाळायचं?"