बाई, कारण सांगा

अर्ध्यात एक तृतीयांश मिळवले की दोन पंचमांश होतात, असं सुमनताई मला सलग तीन दिवस पटवत होत्या. वरचं वरच्यात, खालचं खालच्यात.

"अहो, अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी?" मी म्हटलं.

त्यांनी चष्मा पुसला. "ते पटलं. पण छेद सारखे कशाला करायचे? कारण सांगा, बाई."

बेलवलीच्या आमच्या सोसायटीत त्यांचं दार माझ्या दारासमोर. अंबरनाथच्या एका औषध कारखान्यात पॅकिंगला होत्या. निवृत्त झाल्या आणि त्रेसष्टाव्या वर्षी दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून बसल्या. मी निवृत्त गणितशिक्षिका. माझी चूक एवढीच, की हे मी दारावरच्या पाटीवर लिहून ठेवलं होतं.

रोज साडेसातला बेल. माझा चहा अजून गॅसवरच.

वर्गमुळाचं चिन्ह त्यांच्या लेखी छप्पर. छपराखाली नऊ अधिक सोळा होते. त्यांनी नवाचे तीन काढले, सोळाचे चार काढले आणि सात लिहिले.

"पाच! आधी आतली बेरीज करायची."

"का? एका छपराखाली दोन चुली नसतात? आमच्या दोघी जावांच्या होत्या की!"

दोन एक्स अधिक तीन म्हणजे पाच एक्स, यावरून तर भांडणच झालं. "दोन बंद पिशव्या आणि तीन सुटे आंबे," मी ओरडले, "झाल्या का पाच पिशव्या?" मग वही उघडून म्हणाल्या, "परत सांगा. हळू. लिहून घेते." मी चार वेळा सांगितलं. दुसऱ्या दिवशी तेच गणित नवी शंका घेऊन हजर! एवढी वर्षं पोरं शिकवली, पण असा छळ कुणी केला नव्हता.

निकालाच्या दिवशी त्या पेढे घेऊन आल्या.

"गणितात बावन्न!"

मला रडूच यायचं बाकी होतं. गुणपत्रिका हातात घेतली, तर तिच्यावर नाव रियाचं. रिया त्यांची नात. मागच्या वर्षी गणितात नापास झाल्यापासून पोरगी घराबाहेर पडत नाही, एवढं मी ऐकून होते.

"परत बसणारच नाही म्हणत होती," सुमनताई सांगू लागल्या. "म्हटलं, मीपण बसते तुझ्यासोबत. शंका सगळ्या तिच्या, बाई. तुमच्यासमोर यायची लाज वाटायची तिला. रात्री मी वहीतलं वाचून दाखवायचे."

"आणि तुमचे गुण?"

"माझे? एकोणीस." आणि हसत त्यांनी माझ्या तोंडात पेढा कोंबला.

मी कसाबसा गिळला. "बाकीचे विषय सुटलेत ना? मग जुलैत परत बसा."

त्या एकदम खुर्चीत टेकल्या. पदराशी चाळा करत म्हणाल्या, "पोरं हसतात हो केंद्रावर. 'आजी, रस्ता चुकलात का,' म्हणतात. रिया होती म्हणून काही वाटलं नाही. आता ती कॉलेजला जाणार. एकटीनं कसं जायचं?"

वर्षभरात त्या स्वतःविषयी पहिल्यांदाच काही बोलत होत्या.

"उद्यापासून सातलाच या," मी म्हटलं. "आणि पेपरला मी येते सोबत. सुटेपर्यंत फाटकाशी थांबते."