ओर्फेओच्या खिशातली किल्ली

"डावीकडे वळा! डावीकडे म्हणजे कारंज्याच्या बाजूला!" नीवेस ओरडली आणि ओर्फेओ नाचता नाचता पुन्हा उजवीकडे वळून भाजीवाल्याच्या छत्रीवर धडकला.

नीवेस आणि तिचा नवरा ग्वाल्तिएरो दर उन्हाळ्यात गावोगावच्या चौकांत वॉल्ट्झ नाच शिकवत फिरत. सकाळी शिकवणी, उरलेल्या वेळात गाव बघायचं, असा बेत असे. पण शिकवणी संपायला आणि चर्च दुपारसाठी बंद व्हायला एकच गाठ पडायची, आणि चर्च पुन्हा उघडेपर्यंत यांची बस सुटलेली असायची. या उन्हाळ्यात नीवेसने इटलीतली बंद दारं तेवढी डोळे भरून पाहिली होती.

मोंतेराल्दो गावी मात्र ती हट्टाने आली होती. इथल्या चर्चमध्ये झोपलेल्या बाळ येशूला घेऊन बसलेल्या मारियाचं चित्र होतं. त्याची छापील प्रत तिच्या आईने आयुष्यभर चुलीच्या वर लावली होती; खरं चित्र बघायचं मात्र आईच्या नशिबी नव्हतं. आणि उद्या ते चित्र दुरुस्तीला फ्लोरेन्सला जाणार होतं, कधी परतेल ते देवालाही ठाऊक नव्हतं. चर्चची किल्ली होती तिथल्या राखणदाराच्या, म्हणजे आजच्या विद्यार्थ्याच्या, ओर्फेओच्या खिशात. नीवेसचा जीव टांगणीला लागला होता.

"ओर्फेओ, किल्ली द्या ना. मी पटकन बघून येते."

"छे छे! पाद्रीबाबांनी बजावलंय, किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. आणि रविवारी आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत, बाई. सगळ्या गावासमोर पाल्मिराला नाचवायचंय. आधी डावं वळण, मग चित्र."

नीवेसने त्याचे खांदे धरून त्याला अक्षरशः पिळून वळवलं. बऱ्याच वेळाने ओर्फेओ डावीकडे वळला. चौकात टाळ्या पडल्या. "चला आता!" नीवेस म्हणाली, तोच वरच्या खिडकीतून पाल्मिराचा आवाज आला, "ओर्फेओ! पास्ता पाण्यात टाकलाय!"

क्षणात चौक रिकामा झाला.

"अहो, चर्च समोरच तर आहे. मिनिटभराचं काम!"

"बाई, चित्र तीनशे वर्षं थांबलंय. पास्ता थांबत नाही. तुम्हीही या."

"नको, आम्ही..." नीवेस म्हणेपर्यंत ग्वाल्तिएरो जिना चढूनही गेला होता.

पास्त्यानंतर ससा आला, सशानंतर कोशिंबीर, मग कलिंगड, मग कॉफी, मग पाल्मिराने घरी केलेली लिंबाची दारू. नीवेस खुर्चीच्या टोकावर बसून घड्याळ बघत होती. ग्वाल्तिएरो दुसऱ्यांदा ससा वाढून घेत होता. "खा गं, असा ससा आपल्याकडे मिळत नाही," तो म्हणाला. नीवेसने त्याला टेबलाखालून लाथ मारली.

तेवढ्यात ओर्फेओ बसल्या जागी घोरायला लागला. त्याच्या जाकिटाच्या खिशातून किल्लीचं टोक दिसत होतं. नीवेसने हात पुढे केला, आणि पाल्मिरा स्वयंपाकघरातून बाहेर आली. नीवेसने घाईघाईने ओर्फेओची कॉलर सारखी केली.

"उठवू नका हं त्याला," पाल्मिरा म्हणाली. "भरल्या पोटी दचकून उठला की आठवडाभर पचन बिघडतं. मग रविवारी नाचेल कोण?"

ओर्फेओ उठला तेव्हा बस चौकात येऊन भोंगा वाजवत होती. नीवेसने त्याला दंडाला धरून चर्चपर्यंत पळवलं. मागून पाल्मिरा आली, तिच्यामागे ढेकर देत ग्वाल्तिएरो. आत काळोख होता. ग्वाल्तिएरोने दिव्याच्या पेटीत नाणं टाकलं आणि चित्रावरचा दिवा लागला. एका नाण्यात तो मिनिटभरच जळायचा.

"बाई, बघा! पाल्मिराबरोबर जमतंय का ते!" ओर्फेओने बायकोला कवेत घेतलं आणि चित्रासमोर गिरकी घेतली. डावीकडे! मग दुसरी, मग तिसरी. पाल्मिरा लाजून हसत होती. मग दिवा विझला, आणि बाहेर बसवाला शिव्या द्यायला लागला.

बसने गावाचं शेवटचं वळण घेतलं. तेव्हा ग्वाल्तिएरोने भीत भीत विचारलं, "काय गं, आईच्या चित्रातल्यासारखीच होती का मारिया?"

नीवेसने पायातले नाचाचे बूट सैल केले.

"ओर्फेओ नाचताना हनुवटी जरा खाली घेतो," ती म्हणाली. "बाकी रविवारी काही अडचण येणार नाही त्याला."