मानाची आमटी

दाजीबा आचारी भाताला 'अहो' म्हणत. आमटीला 'अगं', भाज्यांना सरसकट 'अरे'. जिलबीशी मात्र ते बोलतच नसत, कारण ती हलवायाकडून येई, म्हणजे परक्या घरची. उकळत्या भातापुढे उकिडवे बसून ते अगदी आदराने म्हणत, "अहो, बसा आता. किती उड्या माराल?" आणि खालचं एक लाकूड ओढून घेत. भात बसे.

ठाण्याला तळ्याजवळ आमच्या शेजारीच ते एकटे राहत. मुंज असो, बारसं असो, त्यांच्याशिवाय पंगत उठत नसे. त्यांच्या हातचं जेवून निम्म्या कचेरीची पोटं सुटली होती, ते स्वतः मात्र काठीसारखे. चुलीवर असताना पदार्थाचं कौतुक केलेलं त्यांना खपत नसे. कोणी "वा, काय वास सुटलाय" म्हटलं की ते तोंडावर बोट ठेवत. "हळू. ऐकतंय सगळं. शेफारतं मग."

माझी चुलत बहीण यमू हिचं लग्न कल्याणच्या घरात ठरलं, तेव्हा स्वयंपाक अर्थातच दाजीबांकडे आला. ठाण्याला नुसती कचेरी आहे, चव नाही, असं कल्याणकर उघड म्हणत. यमूचे होणारे सासरे तर अर्ध्या पंगतीतून उठून जाण्याबद्दल प्रसिद्ध होते. यमू लहान होती. जेवण बिघडलं असतं तर कल्याणकर रुसून परत गेले असते, आणि यमूला ते जन्मभर ऐकावं लागलं असतं. दाजीबांना हे कोणी सांगायची गरज नव्हती. आदल्या दिवसापासून ते भाज्यांनाही 'अहो' म्हणू लागले होते.

मी मिशनच्या इंग्रजी शाळेत जाणारी, म्हणजे कायमची ओवळी. मला चुलींच्या जवळ फिरकायची बंदी होती. मांडवामागे एका पालथ्या टोपलीवर मी बसून राहिले. शाळेत जाणारीला स्वयंपाकातलं काय कळणार, अशी सगळ्यांची खात्री असल्यामुळे माझ्यासमोर सगळे मोकळेपणाने बोलत.

नैवेद्य दाखवायच्या आधी काहीही चाखायचं नसतं. म्हणून दाजीबांची एक शिस्त होती. मीठ घातलं की झाकणावर पळी उलटी ठेवायची. पळी उलटी म्हणजे मीठ पडलं, सुलटी म्हणजे पडायचंय. त्यांचा मेहुणा गणू मदतीला होता. त्याने आमटीत मीठ घातलं, पळी उलटी ठेवली आणि तो पानं पुसायला गेला. तेवढ्यात माझी काकू, यमूची आई, तिथून गेली. काकूला वाकडी चटई, उलटी वहाण, काहीही बघवत नसे. जाता जाता तिने पळी सुलटी केली. मग दाजीबा आले. पळी पाहिली आणि मूठ भरभरून मीठ घातलं.

गणू परत आला तो दाजीबांच्या हाताला मीठ पाहून उभाच राहिला. दाजीबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, पळीकडे पाहिलं, आणि पलीकडे वाकडी चटई सरळ करणाऱ्या काकूकडे पाहिलं. बाहेर पानं मांडून झाली होती.

मला वाटलं, आता हे ओरडतील. ते आमटीवर वाकून इतकंच म्हणाले, "तुझा काही दोष नाही बाई."

शेजारी तेवढंच मोठं वरणाचं तपेलं होतं. त्यात मीठ अजून पडायचं होतं. दाजीबांनी इकडची आमटी तिकडे आणि तिकडचं वरण इकडे करायला सुरुवात केली. वर थोडा गूळ, आमसुलं आणि मसाला. पाहता पाहता दोन्ही तपेल्यांत एकच आमटी झाली. गणू कुजबुजला की पहिल्या भाताला वरण कुठून आणायचं? नैवेद्य दाखवून झाला, तसे दाजीबा सोवळ्याचा काचा आवळून, पळी घेऊन स्वतःच पंगतीत गेले.

यमूच्या सासऱ्यांच्या पानावर भाताची मूद होती. दाजीबांनी तिच्यावर आमटी घातली. सासऱ्यांनी हात आखडला. वरण कुठे आहे, असं त्यांनी विचारलं, आणि शेजारच्या माणसांचे घासही थांबले.

"वरण रोजच्या माणसाला," दाजीबा म्हणाले. "मानाच्या पाहुण्याला पहिल्या भातावर आमटी. ठाण्याची पद्धत आहे. आपल्याला नको असेल तर वरण टाकायला सांगतो."

मान नको, असं कोण म्हणणार? सासऱ्यांनी घास घेतला. मग दुसरा घेतला. मग मानेनेच आणखी आमटी मागितली, आणि त्या पंगतीत आमटी इतकी खपली की दुसऱ्या पंगतीसाठी दाजीबांना पुन्हा डाळ शिजायला टाकावी लागली. पुढच्या मोसमात मी कल्याणला एका लग्नाला गेले, तर तिथेही पहिल्या भातावर आमटी आली. वाढणारा अभिमानाने सांगत होता की ही मानाची आमटी, फार जुनी रीत आहे.

वरात निघायच्या आधी यमू नमस्कार करत करत मांडवामागेही आली. आचाऱ्याला नमस्कार करायला शालू नेसलेली नवरी येत नाही. दाजीबा राखेने हात घासत होते, ते तसेच उठले.

"यमू, तिकडे तुझ्या हातून काही बिघडलं तर रडायचं नाही," ते म्हणाले. "म्हणायचं, ठाण्याची पद्धत आहे. कोणी विचारायला आलं तर मी आहे इथे."

मी हे आईला सांगितलं. तिने हातातलं तांदळाचं सूप खाली ठेवलं. मग तिने सांगितलं की दाजीबांना एक मुलगी होती. सासरी तिच्या हातून काहीतरी बिघडलं, आणि तिच्या बाजूने बोलायला कोणी गेलं नाही. दाजीबा त्या दिवशी कोणाच्या तरी मुंजीचा स्वयंपाक करत होते.

वर्षभराने यमूचे सासरे कचेरीच्या कामासाठी ठाण्याला आले आणि आमच्या ओटीवर बसले. त्यांनी मुद्दाम दाजीबांना बोलावून घेतलं. मी दाराआड होते. सासरे म्हणाले, सत्यनारायणाचा शिरा सूनबाईने खालून पार करपवला, घरात बायका चिडल्या आहेत, आणि ती शांतपणे सांगते की ही तिच्या माहेरची पद्धत आहे. हे खरं का?

"खरपूस झाला होता का?" दाजीबांनी विचारलं.

"खरपूस कसला, काळा."

दाजीबांचा चेहरा असा उजळला, की तसा मी तो कुठल्याही पंगतीनंतर पाहिला नव्हता.

"मग बरोबर आहे," ते म्हणाले. "ठाण्यात तो तसाच करतात. पण सगळ्यांना जमत नाही. पहिल्याच वर्षी जमला तिला?"